डाव्या बाजूचा आरसा

तात्या म्हणाले, ट्रॉलीवाल्यानं उडवला.
हरिपूर रोडला, पहाटे, उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागं एक,
मागं लाल दिवा नाही की फडकं नाही.
नंबर कुठला दिसतोय, सगळा चिखलानं बरबटलेला.
एवढं सगळं त्यांनी
मी न विचारताच सांगितलं.

आरसा वायरवर लोंबत होता.
कवचावर आडवा ओरखडा
आणि ओरखड्यात हिरवा रंग.
ऊस हिरवा असतो, मान्य.
पण त्याला कुणी ऑइलपेंट देत नाही.

आमचं फाटक हिरवं आहे. खांबासकट.
मीच रंगवलं होतं, गौरींच्या आधी.

शोरूमवाला म्हणाला चार हजार सातशे, रंगासकट,
वर आठ दिवस थांबा.
मिरजेत मुनाफनं साडेसहाशेत काढून दिला,
लाल गाडीचा. काच धड, मोटर चालू.
"रंगाचं तेवढं तुमचं तुम्ही बघा, ताई."

बघितलं.
दाराच्या कडेवरचा कोड कागदावर उतरवून
गणपती पेठेतून स्प्रेचा डबा आणला.
कंपनी त्याला काहीतरी रेशमी म्हणते, आम्ही राखाडी.
गच्चीवर भांड्याच्या साबणानं तेलकटपणा काढला,
चारशेचा कागद, मग आठशेचा, पाण्यात बुडवून.
लाल गेला.
लालखाली पांढरा निघाला.
म्हणजे माझ्याआधीही कुणीतरी
असंच उकिडवं बसून हे घासलं होतं,
कुणाचं तरी काहीतरी झाकायला
किंवा नुसतेच पैसे वाचवायला.

तात्या स्टूल घेऊन समोर येऊन बसले.
तीस वर्षं एसटी चालवली, सांगली–स्वारगेट,
विनाअपघाताचा बिल्ला अजून कपाटात, डांबरगोळ्यांच्या शेजारी.
काचेच्या कडेनं चिकटपट्टी लावायला त्यांना दिली.
बोट थरथरलं, पट्टी वाकडी गेली.
सोलून पुन्हा लावली. पुन्हा वाकडी.
तिसऱ्यांदा मी
खाली अंथरलेल्या पेपरातले बाजारभाव वाचत राहिले.

पहिला हात इतका पातळ
की वाटावं, काही लागलंच नाही.
दहा मिनिटं थांबायचं. मी सातच थांबले,
मग ओघळ आला, मग परत कागद, परत पाणी.
शेवटचं लॅकर ओलं असताना
मार्केट यार्डाकडून वारा सुटला.
हळदीचे सौदे चालू होते.
पिवळे कण येऊन बसले ते बसलेच.
"लागली हळद," तात्या म्हणाले,
"आता लगीन मोडता येत नाही."
त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

बसवताना दहा नंबरचे तीन बोल्ट,
त्यातला एक निसटून दाराच्या पोटात पडला.
मी दोन शिव्या दिल्या, दुसरी जरा मोठ्यानं.
तात्या काही न बोलता आत गेले,
जुन्या स्पीकरचा लोहचुंबक सुतळीला बांधून आणला
आणि कृष्णेत गळ टाकून बसल्यासारखे
अर्धा तास दारापाशी बसले.
हात तेव्हा थरथरत नव्हता.
टक्, असा आवाज आला. बोल्ट वर आला.

मंगळवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं होतं.
गाडीला एक फेरी मारून
ते नव्या आरशापाशी थांबले,
एक पिवळा ठिपका नखानं खरवडून बघितला,
आणि किल्ली माझ्या हातात दिली.
"तूच चालव. रंग ओला आहे अजून."

रंग वाळून तीन दिवस झाले होते.
"हो," म्हटलं, "ओलाच आहे."

गाडी मागं घेताना
डाव्या आरशात फाटकाचा खांब आला,
त्यावरची राखाडी रेघ आली, कमरेएवढ्या उंचीवर,
सरकत गेली.
तात्या समोर बघत होते.
रस्त्याला लागल्यावर त्यांनी
डॅशबोर्डवर बोटाच्या पेरानं
दोनदा वाजवलं,
कंडक्टर वाजवतो तसं.