खिळा

हिल रोडमागच्या गल्लीत
डेन्झिलने भिंतभर एक बाई काढली,
निळी, पाण्याच्या टाकीइतकी उंच,
आणि कोपऱ्यात सही करून तो गोव्याला निघून गेला.

आठवड्याभरात शकूरने तिच्या खांद्यात खिळा ठोकला.
एक्स्पोर्ट सरप्लस, दोनशेला एक.
मी चिडले. म्हटलं, अहो, चित्र आहे ते.
म्हणाला, मॅडम, उघडीच होती ना बिचारी.

तेव्हापासून ती रोज नवं काहीतरी घालते.
सोमवारी चौकड्यांचा शर्ट, मंगळवारी
कुठल्याशा परदेशी शाळेचं नाव छापलेला टी-शर्ट,
एकदा तर चक्क लोकरीचा कोट, मे महिन्यात.
बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये बँजो पार्टीची तालीम चालते,
तीच ओळ, रोज तिथेच चुकणारी,
आणि ताशाच्या दणक्याने
हिच्या रिकाम्या बाह्या हलतात.

मी पंधरा वर्षं करड्या रंगात ऑफिसला जाते.
करडा मळत नाही.
करड्याला कुणी काही विचारतही नाही.
काल थांबले. म्हटलं, तो द्या.
कुठला?
तिच्या अंगावरचा.

शकूरने काठीने काढून दिला.
घासाघीस करायची राहूनच गेली.

घरी आरशात पाहिलं: पिवळाधमक, अंगाला ढगळ,
कॉलरखाली खिळ्याचं भोक,
आणि आतून, खांद्याशी,
तिचा निळा रंग, नखाएवढा.

धुवायचा म्हणतेय.
अजून खुर्चीवरच आहे.