मुशी

दुधरामकाका एक हंगाम रत्नागिरीला होता,
एका साहेबाचे गळ सांभाळायला.
मांडीभर खारं पाणी, त्यात मुशी.
"उलटा हात फिरवला तं कानस, बाप्पा!"
पाऊण तास ओढाताण, मग फोटो,
मग साहेबानं सोडूनच दिली.
पगार किती मिळाला, ते काका विसरला.

परवा पवनीच्या खाली, वैनगंगेच्या उथळात
शिवडा लागला. कमरेएवढा.
दोर मनगटात रुतला.
काठावरून काकू वजन बोलत होती,
मग भाव,
मग कोणाकोणाची उधारी फिटेल ते.

काकानं मिशा बाजूला सारून गळ काढला
आणि हात पाण्यातच राहू दिले.

"काहून सोडला?"

कापलेलं मनगट चाटत
तो म्हणाला,
"खारं लागते."