हयातीचं बटण

मशीन आलं तेव्हा वरच्या पट्टीवर
माझ्या कामाचं काहीच नव्हतं.
रंगीत अक्षरं, चित्रांच्या चौकटी,
पाकिटांवर पत्ते छापायची सोय.
घाटंजीच्या तहसीलसमोर, टिनाच्या खोक्यात,
पाकिटं कोण पाठवतं?

मग सुपात तूर घेऊन बसल्यासारखी बसले.
आधी काड्या, मग खडे.
तहसीलचं दार उघडायच्या आधी
रोज दोन बटणं काढायची, एक लावायचं.

तीननंतर ऊन टिनाच्या फटीतून येतं
आणि पडद्याची उजवी बाजू खाऊन टाकतं,
म्हणून पट्टी डावीकडे उभी केली.
लाइनचा नेम नाही,
म्हणून दहा मिनिटांचं सेव्ह मिनिटावर आणलं.
अक्षर सोळाचं, कारण गिऱ्हाईक पाठीमागून वाकून वाचतं
आणि चष्मा घरी कोनाड्यात राहिलेला असतो.

'सप्र' टाइप केलं की आपोआप उमटतं
'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की'.
बायांसाठी 'सप्रे' वेगळं केलं, त्यात 'देते'.
आधीचा टायपिस्ट बायांकडूनही
'देतो'च लिहून घ्यायचा,
आणि त्या अंगठा उठवायच्या.

आडनावांखाली लाल नागमोडी रेघ यायची.
लेतू सिडाम एकदा घाबरला:
"ताई, हे लाल काहून?
माह्यावर केस हाय का काही?"
नाही म्हटलं, ह्याला तुमचं नाव माहीत नाही.
"मंग सांग ना त्याले."
सांगितलं. उजवं क्लिक, कोशात टाक.
त्या दिवसापासून सांगतेच आहे:
कुमरे, आत्राम, पारवा, कुर्ली,
आणि एका पोरीचं नाव, सुनयना नाही, सोनयना,
तिनं दोनदा बजावून सांगितलेलं.

पट्टीच्या टोकाला दोन बटणं होती, खेटून:
हयातीचा दाखला, आणि मयताचे वारस.
दोन्ही रोजची. दोन्हींवर सारखंच चित्र,
कोरा कागद.

बाजाराचा दिवस होता, रांग रस्त्यापर्यंत.
झिंगूजी टेकामांचं नाव घातलं,
प्रिंटर खरखरला, कागद हातात दिला.
नातीनं मोठ्यानं वाचला:
"झिंगू सोमा टेकाम हे आजरोजी मयत झाले असून
त्यांचे पश्चात..."
ती थांबली. रांगही थांबली.
समोरच्या झेरॉक्सचा आवाज तेवढा चालू.

झिंगूजींनी टायरची चप्पल जरा सरकवली.
"तारीख कोनती टाकली वं बाई?"
आजची, मी म्हटलं. घसा कोरडा.
"मंग चाय तं पिऊ दे आधी."

कागद फाडायला मागितला तर देईनात.
चार घड्या करून बंडीच्या खिशात घातला.
"राहू दे. कामी येईन."

त्या संध्याकाळी उशिरापर्यंत बसले.
मयताचं बटण पट्टीवरून उचललं,
मेनूत नेलं, मेनूच्या आतल्या मेनूत,
तीन क्लिकांच्या पलीकडे.
आता वारसांना जरा वेळ लागतो.
अजून कोणी तक्रार केली नाही.

हयातीला वरची जागा दिली, एकटी,
खाली एक रेघ ओढली.
चित्र बदलायचं होतं. यादी चाळली:
बाण, घड्याळ, कुलूप, हसरा चेहरा.
शेवटी एक कप सापडला, वाफ निघणारा.

पुढल्या वर्षी झिंगूजी आले,
नात नव्हती बरोबर.
रांग सोडून थेट पडद्यापाशी वाकले.
वाचता येत नाही, पण कप ओळखला.
"हे ना?"
हेच.
मळकं बोट काचेवर टेकवलं, दाबून धरलं.

काच बोटानं चालणारी नाही.
मी खालून, त्यांना दिसणार नाही असं,
माउस दाबला.