लोहचुंबक

पर्वरीच्या शोरूममध्ये गाडी इतकी लखलखीत होती
की तिच्या दारात आम्ही चौघं दिसलो,
सासूबाईंची काठी धरून पाच.
सेल्समन म्हणाला, सनरूफ आहे.
सासूबाई म्हणाल्या, उन्हाला आत कशाला बोलवायचं?

मग पाठ वळवून, पदर सावरून
त्या सीटवर टेकल्या.
ना चढणं, ना वाकणं,
सीट नेमकी कमरेच्या उंचीला.
एवढ्यासाठीच तर आम्हाला उंच गाडी हवी होती,
डोंगर आम्ही कधी चढणार होतो?

अकरा लाख ऐंशी हजार,
वर अकरा आठवडे थांबा.
सुकांतने हप्ता विजेच्या बिलामागे लिहिला,
घरी येऊन पुन्हा लिहिला,
जणू दुसऱ्यांदा लिहिल्यावर आकडा लाजणार होता.

म्हणून जुन्या पाहू लागलो.
म्हापशातली एक भाड्याची होती, मालक नाही म्हणाला,
पण डिकी उघडली तर कोपऱ्यात किनाराच होता,
वाळू, आणि एका बाईची अर्धी चप्पल.
कुडचड्यात एसी लावला
तशी तोंडावर खाण आली, लाल.
सुकांतचा गॅरेजवाला मावसभाऊ म्हणाला,
लोहचुंबक न्या. जिथं चिकटणार नाही
तिथं पत्रा नाही, पुटी आहे.

वेदश्रीने फ्रीजवरचा आंबा काढला,
हातरुमालात गुंडाळला,
आणि रविवारी नार्वेच्या फेरीने
आम्ही दिवाडीला गेलो.

काइतान पडवीत बसला होता. गाडी आधीच धुतलेली,
चार वर्षांची, एकतीस हजार किलोमीटर.
डोळे गेले, म्हणाला, रात्रीचे आधी,
आता दिवसाचेही जाताहेत.
सहा लाख दहा.

वेदश्री डॉक्टरीणबाईंसारखी फिरली.
बॉनेट, चिकटला. छप्पर, चिकटला.
डावीकडच्या मागच्या दारावर
आंबा टपकन खाली पडला.
आम्ही सगळे त्या जागेकडे पाहू लागलो,
काइतान सोडून.
बांबोळी, तो म्हणाला. इस्पितळाच्या फाटकाचा खांब.
त्या दिवशी घाई होती.
मग थोड्या वेळाने, स्वतःशीच,
बाकी आठवड्यातून तीनदा कधी घासली नाही.

सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या.
सीट पार मागे, पाठ कललेली,
जशी कुणाला तरी निजून जायला लागते.
माझे पाय टेकत नाहीत, त्या म्हणाल्या.
मी दांडा ओढला. हलेना.
तो कोणी हलवलाच नाही, काइतान म्हणाला,
आणि अंगणातल्या फणसाकडे बघत राहिला.

सुकांतने खाली वाकून जोर लावला.
कट्कन आवाज झाला, सीट पुढे आली.
मागे उघडी पडली
कार्पेटची एक वीतभर पट्टी,
कधी ऊन न लागलेली, काळीभोर,
शोरूममधल्यासारखी कोरी.
बाकी सगळं फिकं.
मी दार ओढून घेतलं.

धक्क्यापर्यंत नेऊन बघा, काइतान म्हणाला,
उतारावर पोट घासतं का ते कळेल.
तो मागे बसला, वेदश्रीच्या शेजारी,
स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखा,
हात मांडीवर.
मी चालवली. गियर दोनाचा थोडा हट्टी.
त्याला समजवावं लागतं, मागून आवाज आला.
फेरीची फळी वाजली, गाडी वर गेली,
पोटाला काही लागलं नाही.
वेदश्री ओरडली, आंबा!
बॉनेटवर विसरलेला,
अख्ख्या रस्त्याच्या खड्ड्यांतून तसाच आलेला.

फेरीवाल्याने दोर सोडायला हात घातला,
मी घाईने नको नको केलं, आम्ही पलीकडे जात नाही,
नुसतं बघतोय.
सगळ्या मोटरसायकली हसल्या.

तेवढ्यात काइतान म्हणाला,
पाच नव्वद.
कुणी काही विचारलं नव्हतं.
सासूबाई मागे वळल्या नाहीत,
पाय खाली नीट टेकवून
नदीकडे पाहत म्हणाल्या,
सहा. आणि ही काच खाली कशी करायची, तेवढं सांगा.