नववा भाग

त्रिमूर्ती चौकात टायरच्या दुकानावर गच्ची आहे,
रविवारी संध्याकाळी तिथे आम्ही पाच जण.
जपानी आम्हाला तीन-चार शब्दच येतं,
तेही ओरडण्यापुरतं.

मालिकेत एक पोरगा आहे, गावातले दिवे विझवायची नोकरी करतो.
दिवा विझला की गावातलं कुणीतरी
एक नाव विसरतं.
एवढंच. बाकी समुद्र, पायऱ्या, लंगडं मांजर.

कोकणींचा जुनेद म्हणतो, नवव्या भागात नुसतं पाणी घातलंय.
अकरा मिनिटं तो संत्रं सोलतो! अकरा!
पैसे संपले असणार त्यांचे.

ऋजुता गायधनी चिडली की चिवड्यातले शेंगदाणे
वेचून एका बाजूला काढते.
"सोलताना अंगठा बघितलास त्याचा?
थरथरतो. एकदाच.
तुला हाणामारीच पाहिजे तर
द्वारका सर्कलला जाऊन उभा राहा."

दराडे मूळ चित्रकथा शेवटापर्यंत वाचून बसलाय.
त्याच्या तोंडाला आम्ही दंडाचं कुलूप घातलंय:
पुढचं फोडलंस की सगळ्यांची मिसळ तुझ्याकडून,
जादा पाव धरून.
तीनदा भरलाय त्यानं आजवर,
आणि तिन्ही वेळा तर्री मागून मागून आम्हीच रडलो.

तेव्हा मी म्हणाले,
"मला तो खिडकीचा शॉट आवडला.
बाहेर दोरीवर एक शर्ट वाळतोय,
आणि शर्टाला एक बटण कमी आहे."

सगळे गप्प.

आता सांगते. सहाव्या भागानंतर मी काहीच पाहिलेलं नव्हतं.
अंबडला दुसरी पाळी लागली,
फोनच्या पडद्यावर एक हिरवी रेघ उमटली, मग दोन,
मग सगळंच हिरवं.
दुरुस्तीवाला म्हणाला, साडेचार हजार.
म्हणून मी यांची भांडणं ऐकत होते.
एकाचं पाणी, एकीचा अंगठा,
रात्री कंपनीच्या बसमध्ये जुळवत बसायचे
गरवारे पॉइंटपासून घरापर्यंत.
तो शर्ट मी त्या बसमध्येच वाळत घातला होता.

"असा शॉटच नाहीये," ऋजुता म्हणाली.
"पुस्तकातही नाही," दराडे.
वैनतेयनं फोन काढला, भाग लावला.
गच्चीवर रेंज नव्हती.
गोल चकती फिरत राहिली, खाली कॉम्प्रेसर धडधडत राहिला,
माझे कान तापले.

"आहे," जुनेद म्हणाला,
ज्याला तो अख्खा भाग फालतू वाटत होता.
"अठराव्या मिनिटाला. वरून तिसरं बटण."

तिसरं असं मी म्हणाले नव्हते.

मग विषय बटणावरच गेला.
ते कुणी शिवायचं राहिलं, आईनं?
की आईच्या डोक्यातून त्याचं नावच गेलं,
आणि आता कुणाचा हा शर्ट, म्हणून ती बघत बसते?
ऋजुतानं शेंगदाणे परत चिवड्यात मिसळून टाकले.
अंधार पडेपर्यंत आम्ही त्या दोरीखाली होतो.

बोनसमधून फोन नीट केला.
नववा भाग पाहिला, रात्री दीडला, आवाज बंद करून.
अंगठा दोनदा थरथरतो.
समुद्र यांनी सांगितला त्यापेक्षा बराच मळकट.
आणि त्या खोलीला खिडकीच नाही,
नुसती भिंत, भिंतीवर एक कॅलेंडर.

रविवारी जुनेद जिन्यातच भेटला.
"पाहिलास?"
"हो."
"मग?"
खाली कुणीतरी ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडा शोधत होतं.
"संत्रं खरंच फार वेळ सोलतो रे," मी म्हणाले.
तो हसला. म्हणाला, वर बोलू नकोस हे,
ऋजुता जिवंत ठेवणार नाही.