एक वाढणार, एक जाणार

रात्रीचे अडीच. नीलम नगरात आज पाण्याचा दिवस.
गल्लीभर निळे ड्रम तोंड उघडून बसलेत
आणि मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, मांडीवर लॅपटॉप.
वायफाय इथंच काय ते पोचतं.

ॲप लहानसंच. कुठल्या पेठेला पाणी कधी.
वॉल्वमन शिवलिंग रस्त्यात वाकून चावी फिरवतो,
ओल्या बोटानं फोन दाबतो,
आणि साखर पेठेपासून विडी घरकुलापर्यंत बायका उठतात.
चार दिवसांनी येणाऱ्या गोष्टीला
ॲप बंद होतं, हे कारण चालत नाही.

सर्व्हर कुठंय तुझा, नायना विचारतो.
ढगात, म्हणते मी.
हसतो. सोलापुरात ढगाच्या भरवशावर कुणी उधार देत नाही.
मग खरं सांगते: मुंबईकडं कुठल्यातरी गार खोलीत,
दुसऱ्याच्या मशीनवर, तासाच्या हिशोबानं.
हां. म्हणजे भाड्याचे माग.

डबाही त्याला कळतो.
कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा, मीठ कागदात,
सगळं आतच. कुठल्याही स्टँडवर उघडा, चव तीच.
ॲप तसंच भरते मी, त्याच्या सगळ्या सामानासकट,
आणि एका फाइलीत लिहिते: असे डबे दोन हवेत,
एक पडला तर दुसरा उठावा, दार एवढंच, कुलूप असलं.
मी काही उभारत नाही. लिहिते.
उभारणारं दुसरं कुणी असतं, त्याला झोप नसते.

आज नवा डबा पाठवायचा होता, एवढंच.
आराखडा मागितला. आला.
एक वाढणार. शून्य बदलणार. एक जाणार.

जाणाऱ्याचं नाव वाचलं
आणि हात थांबला. नोंदींचा साठा. अख्खा.
दोन वर्षांचं पाणी, प्रत्येक नळाची वेळ.
खाली शांतपणे विचारलेलं: खात्री असेल तर पूर्ण लिहा, हो.

गेल्या मंगळवारी जागा भरली होती.
घाईत, बटणं दाबत दाबत,
साठा मी हातानं दुसरीकडं हलवला.
चाललं. कुणाला कळलंसुद्धा नाही.
फाइलीत लिहायचं राहिलं.
फाइल अजून जुन्या जागेलाच घर समजते,
नवं तिच्या लेखी उपरं.

नायना मागं येऊन उभा, विडी न पेटवता.
इंग्रजी वाचत नाही, माझी मान वाचतो.
बत्तीस वर्षं जेकार्डचे पत्ते ठोकले त्यानं,
माग किलोवर गेला, पत्ते अजून माळ्यावर, दोरीत.
म्हणाला, आमच्याकडं एक मोर होता.
एका पत्त्याला एक भोक कमी. माझीच चूक.
रात्रपाळीचा इरय्या तेवढा धागा बोटानं उचलायचा,
दर मोराला, न सांगता.
चादरी सुंदर निघायच्या.
मग तो भिवंडीला गेला.
पुढचे चाळीस मोर बिनडोळ्याचे.
मालक मागाला शिव्या घालत होता.
पत्त्यांना माहीतच नव्हता तो धागा.

मी लिहिलं: नाही.
फाइल उघडली. मंगळवार तीत घातला,
ओळ ओळ, नवी जागा, नवं नाव,
आणि सांगितलं, हा आपलाच, ओळखून घे.
पुन्हा आराखडा.
गोल फिरत राहिलं काहीतरी, खाली कुत्री भुंकली.

एक वाढणार. शून्य बदलणार. शून्य जाणार.

हो.

तीन वाजून बारा. जुना डबा अजून उभा,
नवा उठतोय, श्वास तपासला जातोय,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा हिरवा.
फोन थरथरला: शिवलिंग. नीलम नगर, चालू.
समोरच्या चिट्यालकाकूंचा दिवा लागला.

नळातून आधी हवा येते, खोकल्यासारखी.
नायना पाइप धरून ड्रमापाशी उकिडवा बसलाय.
मंगळवारचं मी ऑफिसात अजून सांगितलेलं नाही.