सफरचंदाचा पाय

आईला फोनवर सांगितलं, आज पाय खाल्ला,
सफरचंदाचा.
ती जरा गप्प. मग म्हणाली,
"फळांना पाय कधीपासून फुटले रे?"
आणि सोबत चीज होतं म्हटल्यावर
फोन वडिलांकडे दिला.

त्यांना कुठून सांगू?
वेन्स्लीडेल नावाचं खोरं, दगडी कुंपणं
डोंगरउतारावर कुणी पोरानं रेघोट्या ओढल्यासारखी.
सात वर्षं मी इथे दुधाचा टँकर चालवतो,
पहाटे चारला निघून एकतीस गोठे.
शेवटचा थॉर्नगिलचा, नोरा आयव्हसनबाईंचा.
चढाची वाट, फाटकाला सुतळी,
मागल्या दारात रबरी बूट घातलेली बाई.
"आधी चहा घे, पाइप नंतर लाव."

मंगळवारी शेवटचं दूध नेलं.
गुरुवारी गायी लिलावाला गेल्या,
पर्ल, हेझल, लंगडी डचेस,
आणि ती काळी, जी टँकरच्या आरशात
स्वतःचं तोंड बघत थांबायची.
आज फक्त कागदावर सही हवी होती.
टाकी धुऊन उघडी ठेवलेली, झाकण भिंतीला टेकून.
इतकी स्वच्छ टाकी मी कधी बघितली नव्हती.
बघवत नव्हती.

"बस," म्हणाली, आणि ओव्हनमधून पाय काढला,
परसातल्या ब्रॅमलीचा, आंबट, आत दोनच लवंगा.
शेजारी ठेवला पांढरा, भुसभुशीत तुकडा.
"चीजशिवाय दिला तर इकडे
पाहुण्याला हाकलल्यासारखं होतं."

मी दूधवाल्याच्या घरातला. फलटणजवळ
वडील डेअरीवर दूध मापायचे,
लॅक्टोमीटर बुडवायच्या आधी हुंगून सांगायचे
कुणाच्या म्हशीनं काल काय खाल्लं.
आमच्यात दूध फाटलं की अख्ख्या घराचं तोंड उतरायचं.
दुधात फळ म्हणजे शिकरण, तेही घाईच्या दिवशी,
आणि आंबट फळ? वैद्यबुवांनी कान उपटले असते.
पण पेरूला तिखटमीठ आपणही लावतोच.
पुरणपोळीला कटाची आमटी लागतेच.
गोडाला पंगतीत कुणी टोकणारं हवं असतं.

पहिला घास आवडला नाही.
गरम आंबटाशेजारी गार खारट,
दोन अनोळखी माणसं एका बाकावर.
दुसऱ्या घासाला ती जरा सरकून बसली.
तिसऱ्याला मी बोलायचा थांबलो.

"मार्चचं दूध आहे हे," नोराबाई म्हणाली.
"आमचंच. तूच नेलेलं."
कारखान्यात एकतीस गोठ्यांचं दूध एक होतं,
हे मला माहीत. तिला माझ्याहून जास्त माहीत.
मी तुकडा नाकाशी धरला, वडिलांसारखा,
म्हणालो, "हो. तुमच्या वरच्या कुरणाचा वास येतोय."
"मार्चमध्ये गायी आत असतात, गाढवा,"
आणि हसली. आठवड्यात पहिल्यांदा असावी.

आमच्या भाषेत कष्टाला फळ येतं,
आणि कष्टाचं चीजही होतं.
दोन्ही एका बशीत मी आजच पाहिलं.
सांगावंसं वाटलं.
पण बेचाळीस वर्षं पहाटे उठलेल्या बाईला
कोरड्या टाकीसमोर असलं काही ऐकवू नये.
सही घेतली.
रिकामा टँकर उतारावर फार वाजतो.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं.
"फॅट किती लागायचं तिच्याकडे?"
सांगितलं.
"चांगलं होतं," म्हणाले. मग बऱ्याच वेळानं,
"आता चारला जाग आली की ती करेल काय?"

उरलेला पाय तिनं बांधून दिलाय.
निळ्या काठाची बशीही माझ्याकडे आलीय.
ती रिकामी कशी परत करायची,
काय घालून द्यायची,
हे आईला विचारायचं राहिलं.